अननसाच्या वासापासून ब्रीदरच्या नळीपर्यंत

इंजिनाच्या एका चोंदलेल्या नळीमुळे माझी एका मोठ्या माणसाशी ओळख झाली. ती तुम्हालाही करून द्यावी म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं. आमच्या ग्रुपला प्रोजेक्टसाठी लॅबमधलं एक जुनं, चार सिलेंडरचं, कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन मिळालं. सुरू व्हायचं झकास, पण मागचं ऑइल सील सारखं गळायचं. दोनदा सील बदललं. तिसऱ्यांदा लॅबच्या मामांनी ब्रीदरच्या नळीकडे बोट दाखवलं. आत काजळी आणि घट्ट झालेलं ऑइल! पिस्टन रिंगांच्या फटीतून जो गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो, ज्याला आपण ब्लो-बाय म्हणतो, त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग तो सीलमधून वाट काढत होता. नळी साफ केली तर सगळा धूर लॅबमध्ये. आमचं इंजिनिअरिंगचं डोकं चाललं. लांब होज पाइप जोडला आणि तोंड खिडकीबाहेर सोडलं. गळती थांबली, आम्ही खूश.

दोन दिवसांनी बघतो तर काय, खिडकीबाहेर डबा खायला बसणारे मामा स्टूल उचलून जिन्याखाली जाऊन बसलेले. बोलले काहीच नाहीत. तेच जास्त लागलं.

मग क्रँककेस व्हेंटिलेशनवर शोधाशोध सुरू केली आणि तिथे आरी यान हागन-स्मिट भेटले. गंमत म्हणजे हा माणूस इंजिनांचा नव्हताच!

त्यांचा जन्म १९०० साली हॉलंडमधल्या उत्रेख्त शहरात झाला. शिक्षण रसायनशास्त्राचं, डॉक्टरेटही तिथल्याच विद्यापीठाची. १९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला आले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये गेले ते कायमचे. त्यांचा विषय होता वनस्पतींमधली रसायनं. झाडाला जखम झाली की ती भरून काढणारं द्रव्य कोणतं, फळाला वास कशामुळे येतो, असले प्रश्न. अननसाचा वास पकडण्यासाठी त्यांनी सुमारे ६००० पौंड अननस वापरले आणि हाती आला तो काही ग्रॅम अर्क. आपल्याला टायट्रेशनची तीन रीडिंग घ्यायचा कंटाळा येतो, हे इथे आठवलं!

तिकडे लॉस एंजेलिसची हवा बिघडत चालली होती. १९४३ च्या जुलैमध्ये शहरावर असा धुरकट पडदा आला की लोकांना वाटलं, जपानने विषारी वायूच सोडला. डोळे चुरचुरायचे, भाजीपाल्याची पानं करपायची. आधी कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर संशय गेला. तो बंद ठेवून पाहिला, तरी धुरकं तसंच.

१९४८ च्या सुमारास हागन-स्मिट यांच्याकडे हा प्रश्न आला. त्यांनी अननसाचीच युक्ती वापरली. शहरातली हवा अतिथंड सापळ्यांतून ओढून घेतली, तेव्हा तळाशी तपकिरी, उग्र वासाचे थोडे थेंब जमले. त्यांची तपासणी केल्यावर उलगडा होऊ लागला. गाड्या आणि रिफायनऱ्यांतून निघणारी न जळलेली हायड्रोकार्बन्स, त्यात नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि वर कॅलिफोर्नियाचं कडक ऊन. तिन्ही एकत्र आली की हवेतच ओझोन तयार होतो. म्हणजे खरं विष धुराड्यातून बाहेर पडतच नव्हतं, ते बाहेर आल्यावर शिजत होतं! ओझोन मोजायला त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या. पट्टीला किती वेळात तडे जातात, त्यावरून प्रमाण ठरायचं. इतकं साधं.

हे सगळ्यांना कुठलं रुचणार! तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरवला. हागन-स्मिट यांना ते फार झोंबलं. फळांच्या वासाचं आवडतं काम बाजूला ठेवून ते पुरावा गोळा करायला बसले. १९५२ साली त्यांचा निबंध छापून आला आणि हळूहळू विरोधकांनाही मान्य करावं लागलं.

आता आपल्या नळीकडे येतो. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरकडे होतं. दशक संपता संपता लक्षात आलं की गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बन्सचा साधारण पाचवा हिस्सा क्रँककेसच्या उघड्या नळीतून थेट हवेत जातोय. उपाय होता पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो काही हागन-स्मिट यांनी शोधला नाही, पण त्याची गरज त्यांच्या संशोधनामुळे पटली. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याची सक्ती ठरवली आणि १९६३ पासून ती तिथल्या नव्या गाड्यांना लागू झाली. प्रदूषण रोखण्यासाठी गाडीवर आलेला अमेरिकेतला हा पहिला भाग.

१९६८ साली गव्हर्नर रेगन यांनी त्यांना राज्याच्या नव्या हवा मंडळाचं पहिलं अध्यक्ष केलं आणि १९७३ मध्ये त्याच रेगन यांनी त्यांना पदावरून काढलं. त्याच वर्षीचं विज्ञानाचं राष्ट्रीय पदकही त्यांना मिळालं. मार्च १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले. आयुष्यभर लोकांच्या श्वासासाठी भांडलेला माणूस!

हे वाचल्यावर खिडकीतला पाइप काढणं आलंच. टॅपेट कव्हरवर पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवला, खाली ऑइल अडवायला पत्रा दिला आणि नळी मॅनिफोल्डला जोडली. पहिल्यांदा सोयीचं म्हणून एकाच सिलेंडरच्या फाट्यावर जोडली, तर त्या सिलेंडरचा प्लग पांढरा पडला. जास्तीची हवा एकट्यालाच मिळत होती. मग कार्बोरेटरच्या बरोबर खाली, थ्रॉटलच्या पलीकडे, मधोमध जोडली. दुसरी नळी एअर क्लीनरपासून क्रँककेसकडे, ताज्या हवेसाठी. आयडलिंगला व्हॅक्यूम जास्त, म्हणून व्हॉल्व्ह वाट अरुंद करतो. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम घटतो आणि स्प्रिंग वाट मोठी करते. पूर्ण थ्रॉटलला ओढ उरत नाही, तेव्हा जास्तीचा गॅस दुसऱ्या नळीने उलटा एअर क्लीनरमध्ये जातो आणि जळतो. बॅकफायर झाला तर व्हॉल्व्ह बंद होतो आणि ज्वाळा क्रँककेसमध्ये शिरत नाही. शेवटी मिक्श्चर स्क्रू आणि आयडल स्पीड पुन्हा सेट केला, कारण जास्तीच्या हवेने मिश्रण पातळ होतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागद ठेवा. हलकेच ओढला गेला तर काम झालं. आमचा कागद चिकटला तेव्हा मामाच शेजारी उभे होते. ब्लो-बाय आता इंजिनच जाळतंय, खिडकीबाहेर काही जात नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी खिडकीशी जाऊन वास घेऊन पाहिला, मान हलवली आणि दुपारी स्टूल पुन्हा जागेवर आणलं.

आपल्याकडचा धूर दुसऱ्याच्या अंगणात सोडणं हा उपाय नव्हे, एवढं तरी मी या प्रोजेक्टमध्ये शिकलो. मार्क किती पडले, ते विचारू नका!