इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनची आणि मालक इंदूरचे होळकर

महाराजांची गाडी म्हटलं की रोल्स रॉइस आठवते. पण यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेतली होती.

त्यांचा जन्म १९०८ चा. मुंबईतल्या बावला खून प्रकरणात इंदूर दरबारावर संशय आला, वडील तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. शिक्षण इंग्लंडमध्ये, थेट ऑक्सफर्डपर्यंत. पूर्ण अधिकार हाती आले १९३० मध्ये.

त्यांची आवड काळाच्या पुढची होती. माणिकबाग महाल त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतला, ब्रांकुशीची शिल्पं विकत घेतली.

गाडीचंही तसंच. ड्युसेनबर्ग कंपनी ग्राहकाला नुसती चासी आणि इंजिन द्यायची, बॉडी ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायची. महाराजांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून करवून घेतली. उघडी, लांबलचक, केशरी-काळी! सुपरचार्जर लावलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची ताकद कंपनी ३२० हॉर्सपॉवर सांगायची. त्या काळी फोर्डच्या व्ही-एटची होती ८५.

१९३७ मध्ये ड्युसेनबर्ग बंद पडली. त्याच वर्षी महाराणी संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत यशवंतरावांचं निधन झालं.

इंदूरची ती ड्युसेनबर्ग पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. जिथून निघाली होती, तिथेच.