बाबासाहेब आणि मतदारसंघाची रेघ

यंदा मतदार यादीत माझे नाव प्रथमच आले. कल्याणला आमच्या चाळीसमोरचा रस्ता ही प्रभागाची हद्द ठरली आणि पलीकडे राहणारी आत्या दुसऱ्या प्रभागात गेली. याबद्दल कोर्टात दाद मागता येत नाही का, असे अण्णांनी मला विचारले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. उत्तर शोधणे मला भाग होते. ते शोधताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र मी नव्याने वाचले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. मतदारसंघ कसे असावेत, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी दाखवून दिले, की नुसत्या प्रादेशिक मतदारसंघांत विखुरलेल्या अस्पृश्य समाजाचा प्रतिनिधी निवडून येणे अशक्य. १९३२ च्या पुणे कराराने १४८ राखीव जागा मिळाल्या. स्वतंत्र मतदारसंघ मात्र सोडावे लागले.

रेघेचा फटका त्यांनाही बसला. १९४६ मध्ये ते बंगालमधून घटना समितीवर गेले. फाळणीमुळे ती जागा गेली. १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेच्या ३२९ व्या कलमाने मतदारसंघ आखणीच्या कायद्याला कोर्टाचे दार बंद केले. निवडणुकीविरुद्ध फक्त निवडणूक अर्जाची वाट ठेवली. १९५२ मध्ये मुंबईतील द्विसदस्य मतदारसंघात हरल्यावर बाबासाहेब अशोक मेहतांसह त्याच वाटेने गेले. निकाल बदलला नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्यातही पराभव झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दार बंद का? १९६६ मध्ये उज्जैनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारण दिले: प्रत्येक हद्दीवर खटले चालले, तर निवडणुका होणारच नाहीत. हे मला पटते. पण १८१२ मध्ये अमेरिकेत गव्हर्नर गेरी यांच्या पक्षाने सोयीचे वेडेवाकडे मतदारसंघ आखले होते. असे इथे झाले तर? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले, की आखणी उघड मनमानी असेल तर न्यायालय ती तपासू शकते. बंद दाराला एवढी फट आहे.

महापालिकांनाही १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तोच नियम लावला. मात्र प्रारूप प्रभाग रचनेवर हरकती मागवल्या जातात. ते पत्रक आमच्या चाळीत कुणी वाचलेच नव्हते, मीसुद्धा नाही. अण्णांना हे सांगताना मान खाली गेली. ते एवढेच म्हणाले, की पुढच्या खेपेला मला वाचून दाखव. सही मी करीन.