डॉ. फ्रेडरिक बँटिंग : मधुमेहाच्या निदानाला अर्थ देणारे संशोधक

दरवर्षी १४ नोव्हेंबर हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. इन्सुलिनच्या शोधाचे प्रमुख शिल्पकार डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांची ही जन्मतारीख.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात १८९१ मध्ये त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून सेवा बजावताना ते जखमी झाले; या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हा सन्मान मिळाला. १९२० मध्ये त्यांनी ऑन्टारिओतील लंडन शहरात दवाखाना उघडला, परंतु रुग्ण फारसे फिरकले नाहीत. पोटापाण्यासाठी ते महाविद्यालयात शिकवू लागले. व्याख्यानाच्या तयारीत वाचलेल्या एका लेखातून, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे त्यांना स्वादुपिंडातील स्राव वेगळा करण्याची कल्पना सुचली.

टोरांटो विद्यापीठात प्रा. जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी चार्ल्स बेस्ट या तरुण सहकाऱ्यासह मे १९२१ मध्ये प्रयोग सुरू केले. पुढे जेम्स कॉलिप यांनी अर्काचे शुद्धीकरण केले.

त्याकाळी अतितहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने घटणारे वजन ही लक्षणे डॉक्टरांना ठाऊक होती. तथापि मुलांच्या बाबतीत निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूची वर्दीच असे. अत्यल्प आहारावर ठेवून आयुष्य थोडे लांबविणे एवढेच हाती होते. लिओनार्ड थॉम्प्सन हा १४ वर्षांचा मुलगा असाच अस्थिपंजर झाला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला दिलेले पहिले इंजेक्शन अपेक्षेप्रमाणे लागू पडले नाही. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेल्या अर्काने मात्र त्याची रक्तशर्करा उतरली. तो पुढे १३ वर्षे जगला.

१९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील निम्मा वाटा बेस्ट यांना दिला. त्याच वर्षी बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी न्यूफाउंडलंड येथील विमान अपघातानंतर बँटिंग यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्यामुळे निदान हा शेवट न राहता उपचारांचा आरंभ ठरला. मात्र निदानच झाले नाही तर हा लाभ रुग्णापर्यंत पोहोचत नाही. मुलांमध्ये वरील लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. प्रौढांमधील मधुमेह अनेकदा वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतो. थकवा, अंधुक दिसणे, जखमा लवकर न भरणे, पायांना मुंग्या येणे ही चिन्हे दुर्लक्षित राहतात आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंना इजा पोहोचू शकते. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असल्यास मधुमेहाची शक्यता गृहीत धरून फेरतपासणीने खात्री केली जाते. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत वयाच्या तिशीपासून ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत केली जाते.