तिघांची पत्रिका

परवाच्या रविवारी जळगावच्या आमच्या घरामागच्या हौदात एक पाणबुडी बुडाली. बांधणारा माझा नववीतला नातू. तो तिला पाण्याखालचा रोबोट म्हणतो. प्लॅस्टिकच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर तीन छोट्या मोटारी, मोटारींना पंखे, वर कठड्यावर १२ व्होल्टची बॅटरी, आणि दोहोंच्या मध्ये १० मीटर तार. हौदाबाहेर पंखे असे गरगरले की आजी दोन पावले मागे सरली. पाण्यात उतरताच मात्र ते जेमतेम वळले, तार कोमट झाली आणि थोड्या वेळाने वर काढलेल्या मोटारीला जळका वास येऊ लागला. तो वास मी लगेच ओळखला. खानदेशात शेतीकर्जे देण्यात ज्याची नोकरी सरली, त्याला तो ओळखू येणारच!

संध्याकाळी आम्ही आजोबा-नातू कागद घेऊन बसलो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. हवेत फिरणारा मोठा पंखा पाण्यात मोटारीला झेपत नाही. ती अडते, जास्त वीज ओढते आणि तापते. फारच लहान पंखा लावावा, तर तो नुसता गरगरतो, पाणी मागे रेटत नाही. तार बारीक असेल तर १२ व्होल्टांतले दोन-अडीच वाटेतच खर्ची पडतात, कारण विजेला १० मीटर जायचे असते आणि १० मीटर परतही यायचे असते. मोटार चांगली, पंखा चांगला, तारही वाईट नाही; पण तिघांची पत्रिका जुळली नव्हती.

नातू हिरमुसला होता. म्हणून त्या रात्री मी त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. त्यांनी पाणबुडी बांधली नाही. पण पंपातली चक्री आणि बोटीचा पंखा ही भावंडेच. एक जागेवर राहून पाणी वर ढकलते, दुसरे पाणी मागे ढकलून स्वतः पुढे जाते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना. चित्रे आणि यंत्रे यांचा नाद. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. तिथे ध्यानात आले, की त्यांच्या डोळ्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलावर यापेक्षा मोठा आघात कोणता? पण रेघेला रंग लागत नाही. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. आपल्या डोळ्यांशी जुळेल असे काम त्यांनी शोधले. पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली मला इथेच दिसते.

बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. मग कडबा कापायचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर. नांगर दणकट होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. दुसरा एखादा शेतकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळा झाला असता. लक्ष्मणराव शेतकऱ्यांशी बोलत राहिले आणि नांगर सुधारत राहिले. यंत्र बनवणे हे अर्धे काम. ते जमिनीशी आणि माणसाच्या मनाशी जुळवणे हे उरलेले अर्धे.

इतक्यात बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. मदतीला धावले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली लक्ष्मणराव तिथे उतरले, तेव्हा समोर निवडुंग आणि साप होते. त्यांनी सोबतीला माणसे घेतली तीही तशीच पारखून. शिक्षा भोगून आलेल्यांनाही पहाऱ्यावर नेमले. निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे आठवले की माझ्यातला निवृत्त अधिकारी खजील होतो. गिऱ्हाईक नाही, जागा नाही, माल खपत नाही, असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो कोणत्या शेऱ्यासह परत केला असता, ते मला पाठ आहे.

१९२६च्या सुमारास वाडीत पंप तयार होऊ लागले. पंपाचे शास्त्र फार कडक. चक्रीचा वेग दुप्पट केला तर पाणी दुप्पट येते, ते चौपट उंच चढते, पण मोटारीवरचा भार आठपट होतो. म्हणून आधी विहिरीची खोली मोजायची, मग चक्री, मग मोटार आणि शेवटी तार. १९४६ साली पुण्यात तेलावरच्या इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा असे दोन कारखाने याच घराण्याने उभारले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, तेव्हा नांगरापासून मोटारीपर्यंतचा रस्ता तयार झाला होता.

इथवर सांगून मी थांबणार होतो. पण नातवाने विचारले, की आजोबा, तो वास तुम्ही आधी कुठे घेतला होता?

मग सांगावे लागले. मी धुळ्याच्या शाखेत होतो. एका शेतकऱ्याला पंपासाठी कर्ज मंजूर केले. अर्जात मोटार किती अश्वशक्तीची, ते मी पाहिले. विहीर किती खोल, ते विचारले नाही. विहिरीचे पाणी खाली गेले, तशी मोटार खाली उतरली. तार पुरेना, म्हणून बारीक तारेचा तुकडा जोडला गेला. पहिल्याच उन्हाळ्यात मोटार जळाली. गुंडाळलेली काळी तार पिशवीत घालून तो माझ्यासमोर उभा राहिला. सगळ्या खोलीत तो वास भरला. मी त्याला पुढच्या हप्त्याची तारीख सांगितली.

नातवाने विचारले, मग त्याने काय केले? त्याने सगळे हप्ते फेडले, एका उन्हाळ्यापुरत्या चाललेल्या मोटारीचे. पूर्ण फेडीचा शेरा मीच मारला आणि शाखेत माझे कौतुकही झाले.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने नवा कागद घेतला. मला वाटले, नवी मोटार कोणती आणायची ते लिहील. त्याने टेप उचलला, विजेरी घेतली आणि अंधारात हौदाची खोली मोजायला गेला.