क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटजेन

हात मोडला की डॉक्टर आधी एक्स-रे काढायला सांगतात. त्यात हाडे पांढरी का दिसतात, असे आम्हाला वर्गात नेहमी विचारले जाते. म्हणून या अंकात राँटजेन यांची ओळख.

त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप गावी झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. युट्रेख्टच्या शाळेत कुणीतरी एका शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. ते राँटजेन यांनी काढलेले नव्हते, पण काढणाऱ्या मुलाचे नाव त्यांनी सांगितले नाही, म्हणून त्यांनाच शाळेतून काढून टाकण्यात आले. (आम्ही मुख्याध्यापक मंडळी हे वाचताना जरा मान खाली घालतो.) शाळेचे प्रमाणपत्र नाही, म्हणून विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळेना. शेवटी झुरिचच्या पॉलिटेक्निकने त्यांना घेतले आणि १८६९ मध्ये ते डॉक्टरेट झाले.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या कागदाने झाकलेल्या नळीतून वीज सोडताच जवळचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. किरण अज्ञात, म्हणून बीजगणितातले अज्ञाताचे अक्षर त्यांना दिले. मराठीत ते 'क्ष' झाले. मग अनेक आठवडे ते एकेक वस्तू मध्ये धरून पाहत राहिले. हजार पानांचे पुस्तक किरणांनी सहज पार केले, पण दीड मिलिमीटर शिशाने त्यांना जवळजवळ अडवले. २२ डिसेंबरला पत्नी बर्था यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवला. मांसाची सावली फिकी, हाडांची गडद, अंगठीची सर्वांत गडद आली.

याचे कारण अणूंत आहे. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. त्यांचे अणुक्रमांक १, ६, ८. हाडातील कॅल्शियमचा २०, शिशाचा ८२. अणुक्रमांक दुप्पट झाला की अणूचे शोषण दुप्पट नव्हे, सुमारे आठपट किंवा अधिक वाढते. हाडामागे फिल्मवर किरण कमी पोचतात, तेवढी जागा काळी होत नाही. जठर आणि आसपासचे मांस मात्र सारखेच, म्हणून रुग्णाला बेरियमचा (५६) घोळ पाजतात.

राँटजेन यांनी पेटंट घेतले नाही. १९०१ चे भौतिकीचे पहिले नोबेल मिळाले, तेव्हा ती रक्कमही त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. १९१९ मध्ये बर्था गेल्या. महायुद्धानंतरच्या भयंकर महागाईत त्यांची स्वतःची शिल्लकही मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.