पाचवी पहाट : ॲन्सेल ॲडम्स

मोबाईलवर आपण मिनिटात दहा फोटो काढतो. पण एका फोटोसाठी कुणी पाच दिवस थंडीत पहाटे उठेल का?

ॲन्सेल ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. शाळेत मन रमेना, म्हणून वडिलांनी त्यांना घरीच शिकवलं. १९१६ साली योसेमिटीच्या दरीत आई-वडिलांनी हाती साधा कॅमेरा दिला आणि डोंगरांशी त्यांचं नातं जुळलं. पियानोवादक होण्याचं स्वप्न मागे ठेवून ते छायाचित्रकार झाले.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना गुन्हा नसताना छावण्यांत डांबलं. त्यांपैकी मांझानारच्या छावणीतील माणसांचे फोटो ॲडम्स काढत होते. १९४४ च्या हिवाळ्यात ते जवळच्या लोन पाइन गावाजवळ सिएरा नेवाडाचा सूर्योदय टिपायला गेले. चार पहाटे मनासारखं काही मिळालं नाही. पाचव्या पहाटे अंधारातच गाडीच्या टपावर कॅमेरा लावला. बर्फाळ शिखरं उजळली. समोरच्या कुरणात एक घोडा पाठ फिरवून चरत होता. ऊन सरकत होतं, वेळ निघून चालली होती. अगदी शेवटी घोडा वळला अन् फोटो मिळाला!

२२ एप्रिल १९८४ रोजी ॲडम्स गेले. मुलांनो, वाट पाहणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. चार वेळा जमलं नाही, तरी पाचव्यांदा तयारीनिशी उभं राहायचं, एवढं त्यांच्याकडून नक्की शिका.