जॉन बॉइड डनलॉप आणि हवेची धांव

बैलगाडीचें चाक तयार झालें म्हणजे लोहार लोखंडाची धांव विस्तवांत लाल करून त्यावर चढवितो व वरून पाणी ओततो. थंड होतां होतां ती धांव आवळते आणि लांकडाला घट्ट धरून ठेवते. कित्येक शतकें मनुष्याचीं वाहनें अशा लोखंडावरच चालत आलीं. आज आपल्या सायकली, मोटारी आणि बसगाड्या रबरांत कोंडलेल्या हवेवर चालतात. इतकेंच नव्हे, तर विमानेंसुद्धां जमिनीवर उतरतांना त्याच हवेचा आधार घेतात. हा पालट ज्यांच्या खटपटीमुळें झाला ते गृहस्थ मोठे शास्त्रज्ञ नव्हते व कारखानदारहि नव्हते. ते गुरांघोड्यांचे वैद्य होते. त्यांचें नांव जॉन बॉइड डनलॉप. विद्यार्थिमित्रांनो, त्यांचें चरित्र साधें आहे. परंतु कल्पना कोणाची, श्रेय कोणाचें आणि पैसा कोणाचा, हा प्रश्न त्यांत असा कांहीं गुंतलेला आहे कीं, तो प्रत्येकानें एकदां तरी विचारांत घ्यावा.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडच्या एअरशायर प्रांतांतील ड्रेगहॉर्न या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. आपला जन्म नियमित काळाच्या दोन महिने आधीं झाला, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. त्यामुळें आपली प्रकृति नाजूक आहे अशी त्यांची समजूत झाली व ते जन्मभर जपून वागले. नवल हें कीं, या नाजूक म्हणविणाऱ्या मनुष्यास म्हातारपणापर्यंत मोठें दुखणें असें आलेंच नाहीं.

शेतकऱ्याच्या घरांत वाढल्यामुळें जनावरांची ओळख त्यांस लहानपणापासून होती. एडिंबरो येथील डिक यांच्या पशुवैद्यक विद्यालयांत त्यांनीं शिक्षण घेतलें आणि जवळजवळ दहा वर्षें स्वदेशांतच व्यवसाय केला. १८६७ सालीं ते समुद्र ओलांडून आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक या गांवीं गेले. तेथें त्यांनीं आपला भाऊ जेम्स याच्यासह दवाखाना काढला. पुढें ते बेलफास्ट शहरांत आले. मे स्ट्रीट या रस्त्यावरील त्यांचा दवाखाना इतका भरभराटीस आला कीं, १८८५ च्या सुमारास त्याची गणना आयर्लंडमधील मोठ्यांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत होऊं लागली. पत्नी, एक मुलगी व एक मुलगा असा त्यांचा संसार होता. मनुष्यानें समाधान मानून स्वस्थ बसावें असेंच हें वय व अशीच ही स्थिति होती. त्या वेळीं त्यांचें वय सत्तेचाळीस वर्षांचें होतें, आणि ज्या कामासाठीं जग त्यांस ओळखतें त्याला अद्यापि आरंभहि झाला नव्हता.

त्या आरंभाचें निमित्त अगदीं घरगुती होतें. त्यांचा मुलगा जॉनी हा तेव्हां नऊदहा वर्षांचा होता. त्याच्यापाशीं एक तीन चाकी सायकल होती आणि तिच्या चाकांवर त्या काळच्या रीतीप्रमाणें भरीव रबर बसविलेलें होतें. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. त्यांवरून सायकल हांकतांना मुलाचें अंग हादरून जाई व गाडीला वेगहि येत नसे. पुष्कळ बापांनीं अशी तक्रार ऐकून सोडून दिली असती. डनलॉप यांनीं ती मनावर घेतली. आपल्या व्यवसायांत लागणारीं कांहीं उपकरणें रबरापासून स्वतः करण्याचा त्यांस सराव होता. कोंडलेली हवा ही गादीसारखी दबते व पुन्हां फुगते. मग चाकाच्या भोंवतीं हवेचीच गादी कां असूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला.

१८८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं हा प्रयोग केला. सुमारें ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लांकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी करून ती तबकडीच्या कडेवर बसविली, वरून कापडाची पट्टी गुंडाळून खिळ्यांनीं पक्की केली आणि चेंडूंत हवा भरण्याच्या पंपानें तींत हवा भरली. नंतर सायकलीचें एक चाक काढून तें अंगणांतून घरंगळत सोडलें. तें थोडें अंतर जाऊन आडवें पडलें. मग ती लांकडी तबकडी सोडली. ती अंगण ओलांडून थेट फाटकाच्या खांबावर आदळली व उसळी घेऊन मागें फिरली. प्रयोग एवढाच! त्यास प्रयोगशाळा लागली नाहीं, यंत्रें लागलीं नाहींत. लागलें तें नीट पाहणारें डोळ्यांचें जोडपें.

यांतील मर्म असें आहे. चाक कठीण असलें म्हणजे वाटेंत आलेल्या प्रत्येक खड्यावर सबंध गाडी व तींत बसलेला मनुष्य उचलला जातो आणि पुन्हां खालीं आपटतो. या उचलण्यांत व आपटण्यांत बरीचशी शक्ति व्यर्थ जाते. हवेची धांव तो खडा आपल्या अंगांत सामावून घेते. गाडी जवळजवळ सपाटीवरून जावी तशी जाते, आणि दबलेली हवा पुन्हां फुगून घेतलेल्या शक्तीचा मोठा भाग परत करिते. म्हणून एकाच उपायानें सुखहि वाढलें व वेगहि वाढला. डनलॉप यांनीं मुलाच्या सायकलीला व नंतर मोठ्या सायकलींना असे टायर बसवून पाहिले, आणि ७ डिसेंबर १८८८ रोजीं त्यांस या युक्तीचें पेटंट मिळालें.

तथापि लोकांस विश्वास वाटेना. फुगीर टायर पाहून लोक हंसत. ती शंका वादविवादानें मिटली नाहीं, शर्यतीच्या मैदानांत मिटली. बेलफास्टच्या एका सायकल मंडळाचा कप्तान विली ह्यूम यानें हवेचे टायर असलेली सायकल विकत घेतली. तो कांहीं पहिल्या प्रतीचा शर्यतपटु म्हणून गाजलेला नव्हता. परंतु १८ मे १८८९ रोजीं बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या सामन्यांत तो ज्या चार शर्यतींत उतरला त्या चारहि त्यानें जिंकल्या. हंसणारे प्रेक्षक गप्प झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानें लिव्हरपूल येथेंहि अशीच कामगिरी केली.

बेलफास्टच्या त्या शर्यतींत हरलेल्यांमध्यें डब्लिनचे व्यापारी हार्वी ड्यू क्रॉस यांचे मुलगेहि होते. पराभवाचें कारण ओळखून ड्यू क्रॉस यांनीं या धंद्यांत भांडवल घातलें, आणि १८८९ सालींच डब्लिन येथें हवेचे टायर करणारी कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनीं आपले पेटंटचे हक्क तिच्या स्वाधीन केले व मोबदल्यांत कंपनीचे कांहीं भाग घेतले.

येथें कथेंत अकस्मात् वळण आलें. दोन वर्षेंहि झालीं नाहींत तोंच असें उघडकीस आलें कीं, ही युक्ति नवी नाहीं. स्कॉटलंडचेच रहिवासी रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनीं १८४५ सालीं, म्हणजे डनलॉप पांच वर्षांचे असतांना, हवेच्या धांवेचें पेटंट घेतलें होतें. रबर लावलेल्या कापडाच्या नळीवर चामड्याचें वेष्टन घालून केलेल्या त्या धांवा १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोड्यांच्या गाड्यांना लावून दाखविण्यांतहि आल्या होत्या. त्या चांगल्या चालल्या. परंतु त्या महाग होत्या, आणि त्या काळीं सायकली व मोटारी नसल्यामुळें त्यांची निकड कोणासच वाटली नाहीं. लोक ती गोष्ट विसरून गेले. थॉमसन १८७३ सालीं वारले. डनलॉप यांस या पूर्वीच्या शोधाची वार्ताहि नव्हती. त्यांनीं आपल्या बुद्धीनेंच सर्व केलें होतें. परंतु कायदा मनाची शुद्धता पाहत नाहीं, तारीख पाहतो. त्यांचें पेटंट निरर्थक ठरलें.

कंपनी मात्र तरली. आरंभीचे टायर चाकाला चिकटविलेले असत. पंक्चर झालें म्हणजे दुरुस्तीला तासचे तास लागत. १८९० सालीं वेल्च व बार्टलेट या दोघांनीं टायर सहज काढतां-घालतां येईल अशा निरनिराळ्या युक्त्या काढल्या. त्यांचे हक्क कंपनीनें विकत घेतले व त्यांच्या बळावर धंदा वाढविला. १८९६ सालीं तो सर्व धंदा तीस लक्ष पौंडांस विकला गेला. डनलॉप त्यापूर्वींच, १८९५ सालीं, बाजूला झाले होते. त्यांच्या नांवाच्या पाट्या जगभर लागल्या, पण त्या अफाट संपत्तीचा मोठा वांटा त्यांच्या घरीं कधींच आला नाहीं.

पुढें मोटारी आल्या आणि शर्यतीच्या मैदानांत टायरची परीक्षा अधिकच कठोर झाली. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोस जाऊन परत येण्याची शर्यत झाली, तींत फ्रान्समधील मिशेलँ बंधूंनीं आपली मोटार हवेच्या टायरांवर चालविली. टायर वारंवार फुटले व शर्यत त्यांस जिंकतां आली नाहीं. तथापि मोटारीचा भार हवा सोसूं शकते हें जगानें पाहिलें. तेव्हांपासून शर्यतीचा टायर व रस्त्याचा टायर यांचीं शास्त्रें वेगळीं होत गेलीं. मोटार जमिनीला शिवते ती केवळ चार तळहातांएवढ्या जागेंत. कोरड्या मैदानावरील शर्यतीचा टायर मऊ रबराचा व गुळगुळीत असतो. तापला म्हणजे तो जमिनीस चिकटून बसतो, पण लवकर झिजतो, थंड असतां नीट पकड घेत नाहीं, आणि पावसांत तर पाण्यावर तरंगूं लागतो. रस्त्याच्या टायरचें रबर अधिक टिकाऊ असतें व त्याच्या खांचांतून पाणी बाहेर फेंकलें जातें. मात्र अतिवेगाच्या वळणांवर तो कमी पडतो.

आज कित्येक हौशी लोक जी मोटार रोज रस्त्यावर वापरतात तीच सुटीच्या दिवशीं शर्यतीच्या मैदानावर नेतात. त्यांच्याकरितां मधल्या प्रतीचे टायर मिळतात. परंतु एकाच टायरांत सर्व गुण सांपडत नाहींत. शहाण्यानें आपले दिवस प्रामाणिकपणें मोजावे. वर्षांतून दोन दिवस मैदान आणि उरलेले दिवस रस्ता असेल तर रस्त्याचा, त्यांतहि पावसाळ्याचा, विचार आधीं करावा. किंवा मैदानासाठीं चाकांचा दुसरा संच ठेवावा. टायर तापला म्हणजे आंतील हवेचा दाब वाढतो, म्हणून मैदानावर तो पुन्हां पुन्हां तपासावा. आणि मोटारीच्या टायरच्या खांचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या म्हणजे आणखी चार दिवस काढण्याचा मोह पालकांनीं सोडावा. हा टायर प्रथम जिंकला शर्यतींत. पण तो जन्मास आला एका मुलाचें अंग दुखूं नये म्हणून, हें विसरूं नये.

डनलॉप यांनीं आपलें उत्तर आयुष्य डब्लिनमध्यें शांतपणें घालविलें. १९२१ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांस थंडी बाधली, आणि २३ तारखेस वयाच्या ८१ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनीं लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. कल्पना प्रथम सुचली ती थॉमसन यांस. पैसा मिळाला तो बहुतांशीं व्यापाऱ्यांस. मग डनलॉप यांच्या वांट्यास काय आलें? जी गोष्ट जग विसरलें होतें ती त्यांनीं पुन्हां शोधून काढली, ती चालते हें अंगणांत पाहिलें, आणि ती लोकांच्या हातीं पडेपर्यंत सोडली नाहीं. नवी कल्पना सुचणें हें भाग्य आहे. तिला उपयोगांत आणणें हें कष्टाचें काम आहे, आणि दोहोंचाहि मान राखला पाहिजे. विद्यार्थ्यांनो, जगावर उपकार करण्यासाठीं फार दूर जावें लागतें असें नाहीं. आपल्या घरांतील लहान मुलाचें गाऱ्हाणें लक्ष देऊन ऐकलें, तरी तेथूनहि एखाद्या मोठ्या कार्याची वाट सुरू होते.